ऐकून घेणारे डॉक्टर आणि हो म्हणणारे डॉक्टर: एका बाळाचं प्रकरण

बाळ मुलगी. दिवस भरून जन्मलेली, जन्मवजन 3.1 किलो. आईवडिलांचं हे पहिलंच मूल. त्यांनी तीन गोष्टी आधीच ठरवल्या होत्या: सहा महिने फक्त अंगावर पाजायचं, बाळाला रात्री आपल्याजवळ झोपवायचं आणि लसी "जरा दमानं" द्यायच्या. बाळ वीस आठवड्यांचं होईपर्यंत त्यांनी तीन बालरोगतज्ज्ञ पाहिले. हे कोणतंही एक खरं कुटुंब नाही. अशा भेटींमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी इथे एका बाळाच्या नोंदीत एकत्र आणल्या आहेत.

पालकांची तक्रार एका वाक्यात मावत होती: "डॉक्टर आमचं ऐकतच नाहीत." ती खरी होती, पण अर्धीच.

वजनाच्या नोंदी आधी पाहू, कारण वादाला तोंड तिथून फुटलं. चौथ्या दिवशी 2.88 किलो, म्हणजे जन्मवजनात सुमारे सात टक्के घट. पहिल्या काही दिवसांत सात ते दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं. इथे बाराव्या दिवशी 3.12 होतं. सहा आठवड्यांना 4.4, दहा आठवड्यांना 5.2, चौदाला 5.7, अठराला 6.1.

पहिल्या डॉक्टरांनी अठराव्या आठवड्याला हे आकडे पाहून सांगितलं, "आधी रोज अठ्ठावीस ग्रॅम वाढत होती, आता चौदा. निम्म्यावर आली. दूध पुरत नाहीये. आजपासून वरचं दूध सुरू करा." आकडेमोड बरोबर होती, निष्कर्ष चुकला. वाढीचा वेग पहिल्या तीन महिन्यांनंतर आपोआपच उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात मुलीचं मधलं वजन दोन महिन्यांना 5.1, तीनला 5.8, चारला 6.4 आणि पाचला 6.9 किलो आहे. म्हणजे मधल्या रेघेवरची मुलगीसुद्धा चौथ्या ते पाचव्या महिन्यात दिवसाला सोळा-सतरा ग्रॅमच वाढते. आपलं बाळ जन्मापासून मधल्या रेघेच्या किंचित खाली होतं आणि तिथेच राहिलं होतं.

मग पहिल्या डॉक्टरांच्या तक्त्यावर रेघ घसरलेली का दिसली? दोन कारणांनी. पहिलं अगदी घरगुती. आईने "पाचवा महिना चालू आहे" असं सांगितलं आणि सहायकाने ठिपका पाचच्या रेघेवर दिला. अठरा आठवडे म्हणजे पुरे झालेले चार महिने आणि वर थोडे दिवस. चालू महिना आणि पूर्ण महिना यांतली ही गल्लत रोजच्या बोलण्यामुळे इतकी सहज होते की लक्षातही येत नाही. चार महिन्यांच्या जागी 6.1 हे वजन निवांत मधल्या पट्ट्यात बसतं, पाचच्या जागी तेच त्या पट्ट्याच्या खालच्या कडेला, मधल्या रेघेखालच्या पहिल्या विचलन रेघेला टेकतं. (वय आठवड्यांत सांगावं, किंवा नुसती जन्मतारीख द्यावी. वाद टळतो.)

दुसरं कारण तक्त्याचं. भिंतीवरचा तक्ता डब्याच्या दुधाच्या कंपनीने दिलेला होता आणि जुन्या मोजमापांवर बेतलेला होता. 1977चे जुने प्रमाण तक्ते मुख्यतः बाटलीवर वाढलेल्या मुलांचे होते. अंगावर पिणारी मुलं पहिले दोन-तीन महिने झपाट्याने वाढतात आणि नंतर बाटलीच्या मुलांपेक्षा मंदावतात, त्यामुळे जुन्या तक्त्यावर ती चौथ्या महिन्याच्या सुमारास "घसरताना" दिसतात. हाच दोष काढण्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत 1997 ते 2003 या काळात सुमारे साडेआठ हजार मुलांची मोजमापं घेतली गेली आणि 2006मध्ये नवे तक्ते आले. दवाखान्यात शिरल्यावर तक्त्याच्या कोपऱ्यात कोणाचं बोधचिन्ह आहे ते पाहायला दोन सेकंद पुरतात. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांच्या जाहिरातीला आरोग्यकेंद्रांत जागा देऊ नये, असं आंतरराष्ट्रीय संहिता 1981पासून सांगते. कॅलेंडर, पेन आणि मोफत डबे दिसले तर डॉक्टर वाईट ठरत नाहीत. पण वजनाचा प्रश्न आला की पहिलं उत्तर काय मिळेल, याचा अंदाज येतो.

इथवर पालकांची बाजू भक्कम आहे. आता उरलेली अर्धी गोष्ट.

सहाव्या आठवड्याच्या भेटीत आईने सहज सांगितलं होतं की बाळ आमच्यातच झोपतं. त्यावर पहिले डॉक्टर खेकसले: "चिरडायचंय का पोरीला?" पुढच्या भेटीपासून उत्तर तयार होतं, "पाळण्यात झोपते." जन्मानंतर लिहून दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब पालकांनी चार दिवसांत बंद केले होते, कारण "फक्त आईचं दूध म्हणजे दुसरं काहीच नाही" असा त्यांचा समज होता. विचारल्यावर मात्र "देतोय" म्हणाले. दहाव्या आठवड्याच्या लसीनंतर बाळाला दिवसभर 38.2 सेल्सियस ताप होता आणि ती खूप रडली होती, म्हणून चौदाव्या आठवड्याला "सर्दी आहे" सांगून लस टाळली. तिथे डॉक्टरही चुकले. साधी सर्दी हे लस पुढे ढकलण्याचं कारण नाही. ते न बोलता त्यांनी मान डोलावली आणि पुढची तारीख दिली.

तीन थापा झाल्या. चौथी गोष्ट कोणी विचारलीच नाही, म्हणून कोणी सांगितली नाही. वडिलांना ॲलर्जीचा त्रास होता आणि ते रात्री गुंगी आणणारी गोळी घेत. बाळ त्या दोघांच्या मध्ये, एकाच पांघरुणाखाली झोपत होतं.

पहिल्या डॉक्टरांच्या बोलण्याने झालेलं खरं नुकसान हे होतं. वरच्या दुधाचा सल्ला पालकांनी मानला नाही, तो विरून गेला. पण गोळी, पांघरूण आणि बाळ एका बिछान्यावर आहेत हे कळण्याची वाट त्यांनी एका वाक्यात बंद केली होती. घाबरवल्याने पालक बदलत नाहीत, फक्त गप्प होतात.

दुसरे डॉक्टर एकोणिसाव्या आठवड्यात सापडले, "पालकांचं ऐकतात" या शिफारशीवर. भेट आठ मिनिटांत संपली आणि दोघं खूश होऊन बाहेर पडली. वरचं दूध? "नको असेल तर नका देऊ." झोप? "आई आहात, तुम्हाला कळतं." लसी? "वर्षाची झाल्यावर पाहू, काही घाई नाही." वजन कपड्यांसकट केलं, तक्त्यावर मांडलं नाही. थेंबांचं विचारलं नाही. घरी आल्यावर आईच्या मनात एक साधी शंका आली: मी काहीही म्हटलं असतं तरी ते हो म्हणाले असते का? शंका रास्त होती. जो डॉक्टर कशालाच नाही म्हणत नाही, त्याच्या होकाराला वजन नसतं. बाळाचं वजन ठीक आहे असं तो म्हणाला, तेही पालकांना आवडेल म्हणूनच म्हणाला की काय, हे कळायला मार्ग उरत नाही. आमच्या मते हा दुसरा डॉक्टर पहिल्यापेक्षा धोक्याचा, कारण इथे कोणाला काही खटकतच नाही.

तिसऱ्या वेळी पालकांनी पद्धत बदलली. आधी आपल्याच आग्रहांची कागदावर वर्गवारी केली. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पांघरुणाच्या रंगापासून लसीपर्यंत सगळ्याला "आमचा निर्णय" हे एकच नाव देतात.

पहिल्या गटात निव्वळ घरच्या आवडीच्या गोष्टी आल्या: बाळाला कडेवर किती घ्यायचं, रात्री उठल्यावर लगेच पाजायचं का, झोपेची शिस्त लावायची का. यात डॉक्टरांनी मत दिलं तर ऐकावं, नाही मानलं तर बिघडत नाही. दुसऱ्या गटात तज्ज्ञांमध्येच मतभेद असलेल्या गोष्टी. उदाहरणार्थ लोहाचे थेंब. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची अकादमी अंगावर पिणाऱ्या बाळांना चौथ्या महिन्यापासून लोहयुक्त आहार सुरू होईपर्यंत रोज किलोमागे 1 मिलिग्रॅम लोह सुचवते. युरोपातली बालपोषणाची संघटना जन्मवजन चांगलं असलेल्या निरोगी बाळांना सरसकट देऊ नका म्हणते. अशा ठिकाणी डॉक्टरांनी दोन्ही बाजू सांगून निवड पालकांवर सोडावी, अशी अपेक्षा रास्त आहे. तिसऱ्या गटात बाळाच्या जिवाशी थेट संबंध असलेल्या गोष्टी: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 सेल्सियस किंवा जास्त ताप, लसी, झोपण्याची जागा, जन्मानंतरचं के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. इथे डॉक्टरांनी ठाम राहणं हा पालकांचा अपमान नव्हे.

मग फोनवर आणि पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न ठरवले. "तुम्ही स्तनपानाच्या बाजूने आहात ना?" हा प्रश्न निरुपयोगी, कारण नाही म्हणणारा कोणी भेटत नाही. काय करता, कसं करता, हे विचारावं. त्यांनी विचारलं, "चार महिन्यांच्या, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाचं वजन मंद वाढतंय असं वाटलं, तर तुम्ही आधी काय पाहता?" चांगल्या उत्तरात ठरावीक गोष्टी येतात. बाळाला उघडं करून त्याच काट्यावर पुन्हा वजन, योग्य तक्त्यावर योग्य वयाला ठिपका, चोवीस तासांत किती लंगोट ओले होतात (पाचव्या दिवसानंतर साधारण सहा किंवा जास्त), एक वेळचं पाजणं समोर बसून पाहणं, आईची तब्येत आणि झोप. वरच्या दुधाचं नाव उत्तरात आलं म्हणून बिथरू नये. ते शेवटी आलं की पहिल्याच वाक्यात, एवढं पाहावं.

दुसरा प्रश्न: "पालकांचं आणि तुमचं पटलं नाही, अशा वेळी तुम्ही काय करता?" थोडा थांबून, एखादं उदाहरण देत उत्तर आलं तर चांगली खूण. "असं माझ्याकडे होतच नाही" हे उत्तर आलं तर पुढचे प्रश्न विचारायचे कष्ट वाचले. तिसरा: "रात्री अडचण आली तर फोन कोण उचलतं?" सौम्य बोलणारा पण रात्री न सापडणारा डॉक्टर तान्ह्या बाळाच्या घरी फारसा कामाचा नाही. चौथा स्वागतकक्षाला विचारायचा: पहिल्या भेटीला दुप्पट वेळ मिळेल का? बहुतेक ठिकाणी दुपारच्या शेवटच्या वेळेत मिळतो, पण मागितला तरच.

भेटीला जाताना सोबत घेतलेलं: प्रसूतीनंतरची कागदपत्रं, लसीकरणाचं कार्ड, वजनांचे सगळे आकडे तारखांसह आणि एका कागदावर तीन ओळी. त्या ओळी अशा होत्या: "आम्ही फक्त अंगावर पाजतो आणि सहा महिने तसंच ठेवायची इच्छा आहे. बाळ आमच्यात झोपतं. चौदाव्या आठवड्याची लस आम्ही मुद्दाम टाळली आहे." खरं पहिल्या मिनिटाला सांगायचं हे ठरवून गेले होते. डॉक्टर तपासायचा तर त्याच्यासमोर अवघड गोष्ट ठेवूनच तपासता येतो.

तिसऱ्या डॉक्टरांनी कागद वाचला आणि बाळाला आईच्या मांडीवरच राहू दिलं. बाळ शांत होतं तोवर छाती आणि श्वास ऐकला, मग पोट, मग पाय, आणि कान-घसा अगदी शेवटी. हा क्रम साधा आहे, पण तो पाळणाऱ्याला मुलांची सवय आहे हे उघड दिसतं. वजन उघडं करून: 6.3 किलो. आठवड्यांच्या वयावर ठिपका दिला आणि सगळे जुने ठिपके आईसमोर पुन्हा मांडले. "रेघ कुठेच घसरलेली नाही. दोन आठवड्यांनी परत पाहू. दूध आहे तसंच चालू ठेवा."

मग त्यांनी झोपेचं विचारलं, तेही खोदून. घरात कोण धूम्रपान करतं? दारू? झोपेची किंवा गुंगीची औषधं? गादी किती मऊ, भिंत आणि गादी यांत फट आहे का, पांघरूण वेगळं की एकच, कधी सोफ्यावर डोळा लागतो का? गोळीची गोष्ट वीस आठवड्यांत पहिल्यांदा इथे बाहेर आली. त्यावर आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "हे मला मान्य नाही. गोळी घेतलेल्या रात्री बाबांनी वेगळ्या खोलीत झोपायचं. यात तडजोड नको. बाळासाठी माझा सल्ला तुमच्याच खोलीत, तुमच्या पलंगाला लागून, पण वेगळी सपाट टणक जागा, पाठीवर, निदान सहा महिने." अमेरिकन अकादमीची 2022ची शिफारसही तीच आहे: खोली एक, बिछाना वेगळा. पुढे त्यांनी जोडलं, "पाजता पाजता झोप लागतेच, हे मला माहीत आहे. म्हणून सोफा किंवा खुर्चीपेक्षा पलंगावर पाजा. उशा आणि पांघरूण आधीच बाजूला करा. जाग आली की बाळाला तिच्या जागी ठेवा." आईला यातलं शेवटचं वाक्य ऐकून हायसं वाटलं, कारण प्रत्यक्ष रात्र कशी जाते ते समोरच्याला ठाऊक होतं.

थेंबांचा घोळ दोन मिनिटांत सुटला. "फक्त आईचं दूध" याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत पाणीसुद्धा बसत नाही, पण जीवनसत्त्वाचे थेंब, औषधं आणि जलसंजीवनी बसते. ड जीवनसत्त्व रोज 400 युनिट पुन्हा सुरू झालं. बाटलीप्रमाणे एका थेंबात किंवा मिलिलिटरमध्ये किती युनिट असतात ते बदलतं, म्हणून "किती थेंब" हे बाटलीच्या नावासकट लिहून घेतलं. लोहाबद्दल त्यांनी दोन्ही मतं सांगितली. पालकांनी थांबायचं ठरवलं आणि सहाव्या महिन्यापासून लोह भरपूर असलेलं अन्न आधी द्यायचं कबूल केलं.

लसीवर खरा मतभेद झाला. पालकांना आठवड्याला एकच सुई हवी होती. डॉक्टरांनी विचारलं, "नेमकी भीती कसली? ताप, रडणं, की लसीतलं काही?" ताप आणि रडणं, असं उत्तर आलं. हा प्रश्न पहिल्या दोघांनी विचारला असता तर सहा आठवडे वाचले असते. डांग्या खोकला सर्वांत घातक असतो तो पहिल्या काही महिन्यांत, त्यामुळे उशीर म्हणजे नेमक्या धोक्याच्या काळात बाळ अर्धवट संरक्षणावर राहणं. चुकलेला डोस जिथे थांबला तिथून पुढे देता येतो, मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. "दोन सुया आज, की एक आज आणि एक आठवड्याने, हे तुम्ही ठरवा. पण डांग्या खोकल्याची आजची लस पुढे ढकलायला मी हो म्हणणार नाही. तरीही नाही म्हणालात तर तसं फाइलमध्ये लिहीन आणि पुढच्या वेळी परत विचारीन. दवाखान्याचं दार बंद करणार नाही."

पालकांनी दोन्ही सुया त्याच दिवशी घ्यायचं ठरवलं, कारण दोनदा येणं म्हणजे दोनदा रडणं. वेदना कमी करायच्या उपायांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने 2015मध्ये दिलेल्या सूचना इथे तशाच पाळल्या: बाळ आडवं नाही, आईच्या मांडीवर धरलेलं, सुईच्या आधी आणि दरम्यान पाजणं चालू, सुई टोचल्यावर दट्ट्या मागे ओढायचा नाही, जास्त दुखणारी लस शेवटी. बाळ रडलं, पण दहाव्या आठवड्याइतकं नाही.

तापाचंही ठरलं. नुसता आकडा पाहून औषध नको, बाळ कण्हत असेल किंवा पीत नसेल तर द्यायचं. पालकांचं आधीपासून हेच म्हणणं होतं. फक्त पहिल्या डॉक्टरांनी "दर सहा तासांनी" असं लिहिल्यामुळे ते सांगायला कचरत होते. पॅरासिटामॉलची एक मात्रा किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, म्हणजे 6.3 किलोला 63 ते 94. पाच मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅमचं सिरप असेल तर सुमारे 2.6 ते 3.9 मिलिलिटर, दोन मात्रांत किमान चार तास. घरात 250 मिलिग्रॅमचीही बाटली होती. ती मोठ्यांच्या कपाटात गेली, कारण तेवढ्याच मापात दुपटीहून जास्त औषध जातं. चूक बहुतेक वेळा इथेच होते, डोस ठरवताना नाही.

पहिल्या दवाखान्यातून नोंदी मागवताना पालकांना संकोच वाटत होता. कारण द्यावं लागत नाही. "बाळाच्या लसी, वजनं आणि तपासण्यांच्या नोंदींची प्रत हवी आहे" एवढं लेखी दिलं, चार दिवसांत कागद आले. त्यात बाळ "पाळण्यात झोपतं" आणि थेंब "चालू" असंच लिहिलेलं होतं. तिसऱ्या डॉक्टरांनी दोन्ही नोंदी पालकांसमोर दुरुस्त केल्या.

बाविसाव्या आठवड्याला वजन 6.5, सव्विसाव्याला 6.9. ठिपके मधल्या रेघेच्या तेवढेच खाली, त्याच वाटेने. सव्विसाव्या आठवड्याच्या भेटीत अन्नाचं बोलून झाल्यावर आई उठता उठता म्हणाली, "परवा प्रवासात होतो, एक रात्र ती आमच्याच गादीवर झोपली." कोणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "बाबांची गोळी?" "घेतली नव्हती." "पांघरूण?" "वेगळं." त्यांनी तारीख घातली आणि दोन्ही उत्तरं फाइलमध्ये लिहिली.